संगीत विषयात पदवी : नेमके काय शिकवतात, आणि सीमेच्या अलीकडे शिकावे की पलीकडे?

गणितमास्तर (खानापूर)

सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझी मुलगी बेळगावात पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, वाणिज्य शाखेत आहे आणि वयाच्या आठव्या वर्षापासून गाणे शिकते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा ती गेल्या वर्षी उत्तीर्ण झाली आणि सध्या त्यापुढच्या विशारद प्रथमची तयारी चालू आहे. कॉलेज सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस ती शहापुरात गुरुजींकडे जाते आणि रात्रीच्या बसने घरी येते.

गेल्या महिन्यात जेवताना तिने सांगितले, की बी.कॉम.ला न जाता संगीतातच पदवी घ्यायची आहे. मी नाही म्हटले नाही. पण हो म्हणण्याइतके त्यातले मला काही कळत नाही, हेही खरे आहे. आमच्या लहानपणी गाणे शिकणे म्हणजे बुवांच्या घरी जाणे, सप्ताहात भजनाला पेटी धरणे आणि फार झाले तर मंडळाच्या परीक्षा देणे, एवढेच ठाऊक होते. गाणे हे महाविद्यालयात तीन-चार वर्षे बसून, उत्तरपत्रिका लिहून शिकण्याचा विषय कसा होतो, हे मला अजून उमगलेले नाही. गाणे गळ्यात उतरायचे तर ते गुरूपुढे बसूनच उतरणार; मग महाविद्यालय त्यात कशाची भर घालते? विशारद आणि विद्यापीठाची पदवी यांत फरक कोणता? आणि आमच्यासारख्या सीमाभागातल्या माणसाने धारवाडकडे पाहावे, बेळगावातच थांबावे, की कोल्हापूर-पुण्याचा विचार करावा? नोकरीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो मनात नाही असे मात्र समजू नये.


जवारी (बेळगाव)

मास्तर, नमस्कार. मी धारवाडला शिकलो, पुढे अनेक वर्षे महाविद्यालयात संगीत शिकवले आणि आता निवृत्त आहे. त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असण्याची शक्यता आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि प्रवेश घेणारे बहुतेक पालक तो विचारतच नाहीत. पदवीने गायक घडत नाही. गळा तालमीने आणि रियाजाने तयार होतो, आणि वेळापत्रकातल्या तासांत त्याला पुरेशी सवड मिळत नाही. महाविद्यालयात शिकायचे असते ते वेगळे. जे आपण गातो ते असे का गातो, पूर्वी ते कसे गायले जात होते, त्याविषयी कोणी काय लिहून ठेवले आहे आणि लिहिलेले खरे आहे का, या प्रश्नांना तोंड देण्याची तयारी तिथे व्हावी अशी अपेक्षा असते.

एक साधे उदाहरण देतो. आपल्या मुलीला भूप येत असेल आणि देशकारही येत असेल. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. तरीही भूप संध्याकाळी गातात आणि देशकार सकाळी. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आहे आणि देशकाराचा धैवत. स्वरांवरून रागांचे जे दहा गट, म्हणजे थाट, पाडले आहेत त्यांत भूप कल्याण थाटात घालतात आणि देशकार बिलावलात. गुरुजी हे गाऊन दाखवतात, मुलगी ते उचलते आणि तिथे तालमीचे काम पूर्ण होते. अभ्यासाचे काम तिथून सुरू होते. स्वर तेच असतील तर राग म्हणजे स्वरांचा संच नव्हे, हे उघड झाले. मग राग म्हणजे काय? मध्यम आणि निषाद ज्यात लागतच नाहीत, त्या भूपाला तीव्र मध्यमाच्या कल्याण थाटात बसवायचे कशाच्या आधारावर? पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध आहे, मग तो काफीत का ढकलतात? चारुकेशी आणि कीरवाणी हे दहांपैकी एकाही थाटात नीट का बसत नाहीत? याचे उत्तर शोधताना विद्यार्थ्याला दक्षिणेच्या ७२ मेळांकडे, म्हणजे तिथल्या थाटांकडे, जावे लागते, कारण कीरवाणी हा तिथला २१ वा आणि चारुकेशी २६ वा मेळकर्ता आहे. संगीतशास्त्रकार विष्णू नारायण भातखंड्यांनी दहा थाटांची मांडणी केली ती शिकवण्याची सोय म्हणून फार उपयोगी पडली, पण ती निसर्गनियम नव्हे, हे ज्याला तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस स्वतःच्या शब्दांत आणि उदाहरणांसह लिहिता येते, त्याची पदवी सार्थकी लागली असे मी समजतो.

इतिहासाचेही तसेच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे घराणे काश्मिरातून आलेले, आणि दरबारातला त्याचा हुद्दा हिशेबाच्या खात्याचा होता, हे आपल्या वाणिज्य शाखेतल्या मुलीला जरूर सांगावे. सात अध्यायांचा हा ग्रंथ उत्तरेचे आणि दक्षिणेचे संगीत दोघेही आपला मानतात. त्याच्याही शंभर वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लासा'त संगीतावर विस्ताराने लिहिले. पुढे विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह स्वतः पदे रचत होता. हे सगळे आपल्याच परिसरात घडलेले आहे.

याहून जवळचा एक प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारत असे. मिरज, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एवढे गायक का निपजले? इचलकरंजीजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरची गायकी घेऊन आले. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे मिरजेत शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या खेड्यातून मिरजेला नीलकंठबुवांकडे शिकायला गेले. आणि कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, आपल्या सुळेभावीतला. 'पाण्याचा गुण' हे याचे उत्तर नव्हे. मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग अशी लहान लहान संस्थाने एकमेकांना लागून होती, नाटक कंपन्यांचे मुक्काम या गावांतून पडत होते, आणि पुण्याहून मिरज-बेळगावमार्गे धारवाड-हुबळीकडे रेल्वे आल्यावर गवयाला एका आठवड्यात तीन गावी बैठक करता येऊ लागली. यातले कोणते कारण किती जोराचे, हे कागदपत्रांवरून ठरवायचे असते. गायकांची नावे पाठ करणे हा अभिमान झाला, आणि ती नावे इथेच का हे विचारणे हा अभ्यास.

आपण गणिताचे शिक्षक आहात म्हणून पेटीविषयी थोडे लिहितो. 'सा' सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर कानाला पूर्ण जुळलेला पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ३६० कंपनांचा येतो, आणि गंधार सव्वापट, म्हणजे ३००. पेटीचे सूर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या २ च्या बाराव्या मुळाइतक्या पटीने चढते. त्या हिशेबाने पेटीचा पंचम ३५९.६ वर येतो आणि तो कोणाला खटकत नाही. गंधार मात्र ३०२.४ वर जातो आणि तो तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेतून, आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी भांडतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली, तिच्यामागे ज्या तक्रारी होत्या त्यांत ही एक प्रमुख तक्रार होती. ज्या बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांसारख्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, तिथल्या विद्यार्थ्याला तर हा वाद दोन्ही बाजूंनी मांडता आलाच पाहिजे. असे प्रश्न घेऊन बसणारी माणसे या भागात पूर्वीही होती. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर होते, व्यवसायाने गायक नव्हते; त्यांनी अब्दुल करीम खाँच्या गळ्याच्या आधारे सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजणी केली आणि १९१० मध्ये तिच्यावर पुस्तक छापले. त्यांचे निष्कर्ष भातखंड्यांना मान्य झाले नाहीत, आणि तो वाद आजही वाचण्यासारखा आहे.

बाकी व्यवहाराचे प्रश्न इतरांनी घ्यावेत. माझी माहिती त्या बाबतीत जुनी झाली असेल.


एकताल (निपाणी)

जवारी सरांनी जे वर्णन केले आहे ते वाचून मला त्यांच्या वर्गात बसायला मिळाले नाही याची हळहळ वाटली. मी संगीतातच पदवी घेतली आहे. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, ते सीमेच्या कोणत्या बाजूला आहे हेही सांगत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही.

आमच्या शास्त्राच्या तासाला मॅडम वहीतून मजकूर सांगत आणि आम्ही तो उतरून घेत असू. थाट, वादी, संवादी, आरोह, अवरोह, पकड, गानसमय, एवढे लिहिले की 'रागाची माहिती लिहा' या प्रश्नाला दहापैकी आठ गुण मिळत. तीन वर्षांत मी भूपाची माहिती सहा वेळा लिहिली असेन, पण देशकाराशेजारी ठेवून तिचा विचार करायला मला कोणी सांगितले नाही. तबलजी आठवड्यातून एकच दिवस येत. उरलेल्या दिवशी आम्ही मोबाइलवरच्या ठेक्यावर गात असू. वर्गात सोळा मुले आणि आवाजांच्या पट्ट्या चार, म्हणून पेटीच्या पांढरी पाच किंवा काळी चार या पट्टीवर सगळ्यांना बसवून ख्याल शिकवला जाई आणि मुलग्यांचे गळे खर्जात घुसमटत. हे सगळे मी रागाने लिहीत नाही. त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका कपाटात जुन्या ध्वनिमुद्रणांचा साठा होता, आणि ग्रंथपाल काकांनी मला दुपारच्या सुट्टीत तो ऐकू दिला. माझी खरी पदवी त्या कपाटाची आहे.

म्हणून मास्तर, माझे सांगणे असे की विद्यापीठाच्या नावावर जाऊ नये. प्रवेशाआधी मुलीला घेऊन एक दिवस त्या विभागात जावे आणि मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात. 'माहिती लिहा' आणि 'टिपा द्या' याखेरीज एकही प्रश्न नसेल, तर काय शिकवले जाते ते तिथेच कळेल. गायनाच्या एका वर्गात मुले किती, मुलींची आणि मुलांची पट्टी वेगळी ठेवतात का, साथीदार नेमलेला आहे की पाहुणा, तंबोरे जुळवलेले आहेत की कोपऱ्यात गवसणीत उभे आहेत, हे डोळ्यांनी पाहता येते. तंबोऱ्याच्या गवसणीवरची धूळ मला तरी माहितीपत्रकापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आणखी एक. नुसते 'बी.ए.' असे म्हटले की त्यात संगीत हा इतर विषयांबरोबरचा एक विषय असू शकतो; तिथे आठवड्याचे मोजके तास मिळतात आणि बाकी वेळ इतिहास, समाजशास्त्र यांत जातो. संपूर्ण संगीताची पदवी निराळी असते, तिचे नाव विद्यापीठागणिक बदलते. अर्ज भरताना हे नीट पाहावे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने, राज्याच्या नावावरून तेच आपले असणार असे समजून, अर्जात 'हिंदुस्थानी'ऐवजी 'कर्नाटक संगीत' यापुढे खूण केली होती. बेळगाव कर्नाटकात असले तरी आपण गातो ते हिंदुस्थानी, हे बेंगळूरच्या कार्यालयाला कसे ठाऊक असणार!


पायपेटी (चिकोडी)

मी दुसऱ्या वाटेने गेलो, म्हणून लिहितो. घरची परिस्थिती पाहून मी बेळगावात बी.कॉम. केले आणि त्याच काळात विशारद पूर्ण केले. त्यानंतर महाराष्ट्रातील एका विद्यापीठात संगीतात एम.ए.ला प्रवेश घेतला. कोणत्याही शाखेची पदवी आणि सोबत विशारद, एवढ्यावर एम.ए.ला घेणारी विद्यापीठे अनेक आहेत. तेव्हा आज बी.कॉम.ला गेल्याने संगीताचे दार कायमचे बंद होते असे मुळीच नाही. नुसते विशारद मात्र विद्यापीठीय पदवीच्या जागी चालत नाही. प्रारंभिकपासून मोजले तर विशारद पूर्ण ही मंडळाची सातवी परीक्षा. तिचा गायनाचा अभ्यासक्रम भक्कम आहे आणि कित्येक पदवीधरांपेक्षा विशारद झालेली मुले चांगली गातात. पण महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल तर मार्ग एम.ए. आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) यांवरून जातो, आणि नेटची प्रश्नपत्रिका गळा तपासत नाही. आकाशवाणीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे स्वरपरीक्षेला पदवी विचारत नाहीत. गाणे ऐकून श्रेणी देतात.

या वाटेत मी काय गमावले तेही सांगतो. एम.ए.च्या पहिल्या सत्रात मला एका ध्वनिमुद्रणावर पंधरा पानांचा निबंध लिहायला सांगितले. मी दोन पानांत रागाची माहिती लिहिली आणि पुढे काय लिहायचे ते सुचेना. बंदिशीतली आवर्तने मोजणे, आलाप कोणत्या स्वरावर किती वेळ ठरतो ते टिपणे, तेच गायक तोच राग वीस वर्षांनी गाताना काय बदल करतात ते पाहणे, हे सगळे इतरांना पदवीच्या वर्षांत थोडेफार अंगवळणी पडले होते. मला ते एका वर्षात घाईने शिकावे लागले. शिवाय बी.कॉम.च्या त्या तीन वर्षांत माझा रियाज पहाटेच्या पाऊण तासावर आला होता. ज्या वयात आवाज ठरतो त्या वयातली ती वर्षे होती, आणि ती भरून काढता आली नाहीत.

आता अलीकडे की पलीकडे याविषयी. धारवाड आपल्याला सर्वांत जवळचे, साधारण ८० किलोमीटर. मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू अशा गायकांचा तिथल्या विद्यापीठातील संगीतशिक्षणाशी प्रत्यक्ष संबंध होता, आणि गावात आजही ऐकायला भरपूर मिळते. बेळगावातच राहायचे तर के.एल.ई.चे संगीत विद्यालय आहे. राज्याचे संगीत विद्यापीठ गंगूबाईंच्या नावाचे असले तरी ते मैसूरला आहे, आणि मैसूरचे वातावरण मुख्यतः कर्नाटक संगीताचे. महाराष्ट्रात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून चालू आहे, आणि तिथे गुरुकुलाची तालीम व विद्यापीठाचा अभ्यास यांची सांगड घालण्याचा प्रयत्न आहे; प्रवेशाच्या वेळी गाऊन दाखवावे लागते. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे होते, आणि संगीताकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची जी दृष्टी जवारी सर सांगत आहेत ती मराठीत रुजवण्यात रानड्यांचा वाटा फार मोठा आहे.

वर्षांचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा, कारण त्यात सध्या सीमारेषा अगदी ठळक दिसते. कर्नाटकात २०२१-२२ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू झाली होती. २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे, म्हणजे एकूण बेरीज पाचच येते. पण इकडे पदवी आणि तिकडे एम.ए. करायचे ठरवले, तर कुठल्या वर्षाला प्रवेश मिळणार ते आधी लेखी विचारून घ्यावे. सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातल्या काही प्रवेशप्रक्रियांत स्वतंत्र तरतूद असते. आपले गाव त्या यादीत असेल तर तहसील कार्यालयाच्या दाखल्यांची तयारी निकालाच्या आधीच करावी. निकालानंतर तिथली रांग फार लांब होते.

भाषेचा मुद्दा कोणी काढला नाही. इकडे शास्त्राचा पेपर कन्नड किंवा इंग्रजीत लिहावा लागण्याची शक्यता धरून चालावे. पण त्याला घाबरू नये, उलट कन्नड वाचता येणे ही आपल्या मुलांची जमेची बाजू आहे. आणि मराठी येणे ही तर मोठीच. भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मुळात मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. उत्तरेतली मुले तिचा हिंदी अनुवाद वाचतात.


गणितमास्तर (खानापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जवारी सरांचा ३०२.४ चा हिशेब मी फळ्यावर करून पाहिला आणि नववीच्या वर्गाला घनमुळांच्या पुढची मुळे कशासाठी शिकायची याचे पहिल्यांदाच एक पटण्यासारखे कारण देता आले. घरी मुलीने तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून येणारा गंधार मला ऐकवण्याचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी मला काही ऐकू आले नाही. तिसऱ्या दिवशी आला. एवढी वर्षे तो घरात वाजत होता.

एकताल यांना विचारायचे आहे : आपण आता काय करता? हा प्रश्न आगाऊपणाचा वाटल्यास उत्तर देऊ नये.


एकताल (निपाणी)

आगाऊपणा कसला! मी सध्या एका खासगी शाळेत संगीतशिक्षिका आहे, संध्याकाळी घरी शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांची गाणी ध्वनिमुद्रित करते. चौंडके आणि तुणतुणे यांवर एकच बाई एक पद कन्नडमध्ये गाते आणि पुढचे मराठीत, चाल तीच ठेवून, आणि भाषा बदलताना शब्दांच्या लांबीप्रमाणे ठेका किंचित कुठे सरकतो ते मी टिपून ठेवत आहे. पीएच.डी.साठी हाच विषय घ्यायचा विचार आहे. शाळेचा पगार फार नाही. शिकवण्या धरून घर चालते. संगीताच्या पदवीवर कायम नोकरीच्या जागा कमी आहेत आणि ज्या आहेत त्या वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, हे आपल्याला सांगितले नाही तर ते लपवल्यासारखे होईल. मात्र ध्वनिमुद्रणाचे तंत्र, संग्रहांचे जतन, साथसंगत, भाषांतर, अशी जोडकामे पदवीच्या काळातच हाती घेतली तर उपयोगी पडतात. मी ती उशिरा शिकले.


गणितमास्तर (खानापूर)

मुलीने स्वतः लिहायचे म्हटले आहे. पुढचे तिचे.

नमस्कार. बाबांनी मला हा सगळा धागा वाचायला दिला. जवारी आजोबांनी विचारलेल्या भूप-देशकाराच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. मला एवढेच सुचले, की भूपात मी धैवतावरून पंचमाकडे येते तेव्हा मन खाली गंधाराकडे ओढले जाते आणि देशकारात तोच पंचम लागताच पुन्हा वर धैवताकडे जावेसे वाटते. म्हणजे राग स्वरांत नसून वाटेत आहे असे काहीतरी; पण हे उत्तरपत्रिकेत कसे लिहितात ते मला येत नाही. एकताल ताईंच्या सांगण्याप्रमाणे आम्ही पुढच्या शनिवारी धारवाडला आणि परीक्षा झाल्यावर कोल्हापूरला जाऊन प्रश्नपत्रिका पाहणार आहोत. माझी शंका लहान आहे. वसतिगृहात राहिले तर पहाटेचा रियाज कुठे करायचा? आमच्या गुरुजींचे म्हणणे आहे, की खर्जाचा रियाज दबक्या आवाजात केला तर तो न केलेलाच बरा.


जवारी (बेळगाव)

बाळ, तू जे दोन ओळींत लिहिलेस ते तसेच लिहायचे असते. फक्त त्याच्याखाली दोन्ही रागांतल्या दोन-दोन बंदिशींचे मुखडे स्वरलिपीत मांडायचे आणि ती ओढ कुठे दिसते ते खूण करून दाखवायचे. आणि एखाद्या मोठ्या गायकाच्या गाण्यात तुझे म्हणणे खोटे ठरत असेल, तर तेही लपवू नये, लिहावे.

रियाजाविषयी एकताल यांचा अनुभव माझ्यापेक्षा ताजा असेल.


एकताल (निपाणी)

वसतिगृहात पहाटे गाऊ देत नाहीत, हे गृहीत धर. मी पहिले सहा महिने गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे गात होते, मग पावसाळा आला. नंतर विभागाच्या शिपाई मामांशी ओळख झाली आणि ते साडेसहाला वर्ग उघडून देऊ लागले. तेव्हा शनिवारी गेल्यावर विभागप्रमुखांना भेटाच, पण वर्गाची किल्ली कोणाकडे असते आणि सकाळी किती वाजता मिळते, हे त्यांना न विचारता बाहेर बाकावर बसलेल्या मामांना विचार.